मिरी-चक्कीचं मोठं भोक : खानापूरच्या एका कातारी दुकानातलं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या एका जुन्या कातारी दुकानाला जांबोटीच्या बाजूच्या एका होमस्टेकडून लाकडी मिरी-चक्क्यांची मागणी आली. वरची टोपी फिरवली की खालून ताजी मिरपूड पडते, ती टेबलावरची चक्की. आठ इंच उंच, काही सागवानी, काही शिसवी. दुकान मामांचं, ओळखीचे सगळे त्यांना मामाच म्हणतात. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, आता बहुतेक वेळ त्यांचा भाचा असतो. एरवी या दुकानातून पोळपाट-लाटणी, ताकाच्या रव्या, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब बाहेर पडतात. सगळं काम बाहेरून आकार काढायचं. चक्कीत बाहेरचा आकार म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं आतल्या भोकात असतं आणि ते चुकलं की बाहेरून कितीही देखणी असली तरी चक्की फिरत नाही.

पहिले काही नग वाया गेले तेव्हा भाच्याने मला बोलावलं. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत, टूलरूममध्ये (जिथे हत्यारं आणि साचे बनतात) माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि लाकडाची ओढ त्याहून जुनी आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण लेथवर असलं काम घेणाऱ्या कुणालाही हीच अडचण येणार आणि हार्डवेअरच्या दुकानात गेलं की समोर ठेवतील ते बिट (भोक पाडायचं पातं) घेऊन परत यायची पाळी येणार.

काम नेमकं काय होतं

चक्कीच्या आतलं दळायचं यंत्र तयार मिळतं. त्यासाठी लाकडात दोन मापांची भोकं लागतात. तळाला ४१ मि.मी. रुंद, साधारण १३ मि.मी. खोल अशी खोबण, जिच्यात दळणारा भाग बसतो. आणि तिच्या मधोमध वरपासून खालपर्यंत २७ मि.मी.चं आरपार भोक, ज्यात मिरी भरायची. ही मापं विचित्र वाटतात, कारण ती मुळात इंचातली आहेत. एक इंच आणि एक सोळांश म्हणजे २६.९९ मि.मी., एक इंच आणि पाच अष्टमांश म्हणजे ४१.२८ मि.मी. भाचा बेळगावात गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत २७ चं लाकडाचं बिट शोधत फिरला. मिळत होती ती २५, ३०, ३२ आणि बिजागरीची ३५. इंचाचा संच मागितला असता तर दोन्ही मापं एकाच डबीत मिळाली असती.

लाकूड जुन्या घरांच्या तुळयांचं. अशा सागवानाचं मला फार अप्रूप आहे: पुरतं वाळलेलं, सरळ नसेचं, चढलेल्या रंगाचं. पण एक सावधगिरी हवीच. तुळईत मोडून राहिलेला खिळा वरून दिसत नाही आणि बिटाची कड त्याच्यावर एकदा आपटली की संपली. भोकाला हात घालण्याआधी प्रत्येक ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवायचा, काळसर डाग दिसला की ती जागा टाळायची. हे मामा आधीपासून करत होते.

लेथ साधा. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, १४४० फेऱ्यांची. तीन पायऱ्यांची पुली, सगळ्यात कमी वेग मिनिटाला सुमारे ७२० फेरे. लाकूड फिरवणारं टोक म्हणजे हेडस्टॉक, त्याच्या समोरचा सरकता भाग म्हणजे टेलस्टॉक. टेलस्टॉकला दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे निमुळती दांडी घट्ट बसवायचं ठरावीक मापाचं तोंड. त्यात १३ मि.मी.चा किल्लीचा ड्रिल चक, बिट पकडणारा जबडा.

बिघडत काय होतं

भाच्याने आधी ४० चं पात्याचं चपटं बिट लावलं. ते थरथरलं, भोक वाकडंतिकडं आलं, आतला पृष्ठभाग फाटला. मग त्याने फोर्स्टनर, म्हणजे गोल कडेच्या, बिटांचा स्वस्तातला संच आणला. त्यातल्या २८ च्या बिटाने आरपार भोक पाडायला घेतलं. काही इंच आत गेल्यावर धूर, करपल्याचा वास, भोकाच्या भिंती काळ्या. बिट आत अडकलं, चकमध्ये दांडी फिरली आणि एक शिसवी ठोकळा उभा चिरला. दोन्ही टोकांकडून पाडलेली भोकं मध्ये भेटायच्या जागी जवळपास दोन मि.मी.ने चुकत होती.

मामा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी एका वाक्यात निदान केलं. ‘‘आरं, ते कापेना, नुसतं घासायलंय.’’

भाच्याचं म्हणणं होतं, ‘‘काका, बिटच हलकं हाय. बाहेरनं कार्बाइडचा भारी संच मागवूया की.’’ कार्बाइड म्हणजे पोलादापेक्षा कठीण, तापलं तरी धार टिकवणारं द्रव्य. पैसे घालायची त्याची तयारी होती. मला आधी जळकं बिट बघायचं होतं.

बिटाची कड निळी पडली होती. साधं कार्बन पोलाद दोनशे अंशांच्या पुढे तापायला लागलं की पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि निळा रंग सुमारे तीनशे अंशांना येतो. म्हणजे ती धार मेली होती. पुन्हा घासून लावली तरी टिकली नसती. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. निळसर पट्टा कडेच्या एकाच बाजूला होता. लेथवर लाकूड फिरतं, बिट स्थिर असतं. बिट बरोबर मध्यावर असेल तर कड सगळीकडून सारखी तापली पाहिजे. एकच बाजू निळी म्हणजे बिट मध्यापासून सरकलेलं आहे आणि तीच बाजू भिंतीला सतत रगडते आहे. कॅलिपर लावला तर २८ च्या बिटाचं भोक २९ च्या वर भरलं. हेडस्टॉकचं आणि टेलस्टॉकचं टोक समोरासमोर आणून टेकवलं, तर मध्ये उघड्या डोळ्यांना दिसेल एवढी फट. टेलस्टॉकच्या बुडाखाली भुशाचा थर घट्ट बसला होता आणि बाजूचा स्क्रू ढिला होता. बूड साफ करून टोकं जुळवली. टेलस्टॉकची नळी आत असताना आणि पूर्ण बाहेर काढूनही जुळतात का, हे तपासलं. दोन मि.मी.ची चूक तिथेच गेली. यात बिटाचा काही दोष नव्हता.

वेगाचा हिशेब

दुसरं कारण वेग. आपण फेरे मोजतो, लाकडाला मात्र कड किती जोरात जाते ते कळतं. १० मि.मी.चं बिट १४४० फेऱ्यांवर चालवलं तर कडेचा वेग मिनिटाला ४५ मीटर येतो आणि ते बिनबोभाट चालतं. ४१ चं बिट या लेथच्या सगळ्यात कमी वेगावर, म्हणजे ७२० वर चालवलं तरी कड मिनिटाला ९३ मीटर धावते. दुपटीहून जास्त. ३०० फेऱ्यांवर आणलं की तोच आकडा ३९ होतो. या लेथवर मोठं भोक पाडायला लागणारा वेगच नव्हता. कार्बाइडचा संच आणला असता तर धार उशिरा मेली असती, लाकूड तेवढंच करपलं असतं.

भाच्याने विचारलं, वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह लावता येईल का. कपॅसिटरवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरला तो लावू नये. थ्री फेज मोटर घ्यावी लागते. आपल्याकडे त्याहून सरळ उपाय आहे. मधला एक शाफ्ट, दोन बेअरिंग, एक छोटी आणि एक मोठी पुली. बेळगावच्या भंगार बाजारात हे सगळं मिळतं आणि उद्यमबागेत कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट कापून मिळतो. ७२० चे ३०० झाले, वर वेग कमी झाल्यामुळे जोर वाढला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा खर्च हाच.

फोर्स्टनर कशासाठी असतं

आता बिटाची गोष्ट. फोर्स्टनर हे बेंजामिन फोर्स्टनर नावाच्या अमेरिकन कारागिराच्या नावाचं बिट. त्याने १८७४ साली त्याचं पेटंट घेतलं. तोवरची गिरमिटं मधल्या स्क्रूच्या आधाराने लाकडात शिरायची. याने आधार कडेकडे नेला. गोल कड आधी लाकडाचे तंतू कापते, मग आतली दोन पाती कापलेला भाग खरवडून वर काढतात. फळीच्या पाठीवर, तंतूंना आडवं भोक पाडताना ही रचना अप्रतिम चालते: काठ चिरेबंद, तळ सपाट.

चक्कीचं भोक मात्र लाकडाच्या टोकातून, तंतूंच्या दिशेनेच खाली जातं. तिथे तंतू उभे असतात, त्यांची तोंडं बिटाकडे असतात. कडेने आडवं कापायचं असं तिथे काही उरतच नाही. अखंड गोल कड तंतूंच्या मधून नुसती दाबून, घासून पुढे सरकते. मामा ‘घासायलंय’ म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. दात असलेलं बिट, ज्याला बाजारात सॉ-टूथ म्हणतात, त्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. दात्यांच्या मधली जागा मोकळी, म्हणून घासणारी कड थोडी, कापणारी टोकं जास्त, भुसा बाहेर पडायला वाट. लाकडाच्या टोकातून मोठं भोक पाडायचं तर अखंड कडेपेक्षा दात्यांचं बिट घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही दात्यांचं बिट हे खोल भोकाचं उत्तर नाही. दोन्ही जातींत डोकं आखूड आणि मागे बारीक दांडी असते. ढलप्या वर आणायला पन्हळच नाही. डोकं भोकात पूर्ण शिरलं की ढलप्या त्याच्या मागे साठतात, घट्ट दाबल्या जातात आणि बिट अडकतं. शिसवी ठोकळा चिरला तो असाच. १३ मि.मी.च्या खोबणीत हा प्रश्नच येत नाही. शंभर मि.मी. खोल जायचं तर दर बोटभर अंतराला बिट बाहेर काढून साफ करावं लागतं. भाचा उथळ आणि खोल अशी दोन्ही कामं एकाच जातीच्या बिटाकडून करून घेऊ बघत होता.

बाकीच्या बिटांचा विचार

चपटं बिट लेथवर मला नको वाटतं. ते कापत कमी, खरवडत जास्त, आणि लांब दांडीवर डुलतं. त्याचा एक गुण मात्र आहे: ग्राइंडरवर दोन्ही बाजू सारख्या घासून ते हव्या त्या विचित्र मापाला आणता येतं. एखाद-दुसरा नग करायचा असेल आणि माप कुठेच मिळत नसेल तर ३० चं घासून २७ करून वेळ मारून नेता येते.

टोकाला स्क्रू असलेलं गिरमिट लेथवर कधीही लावू नये. फिरतं लाकूड तो स्क्रू आपल्याकडे ओढतं. आत शिरायचा वेग आपल्या हातात राहत नाही आणि चक टेपरमधून उपसून निघू शकतो. घरात तेवढंच असेल तर स्क्रूचे आटे कानशीने घासून साधं टोक करून घ्यावं.

होल सॉ, म्हणजे नळीसारखी गोल करवत, पातळ फळीतून चकत्या काढायला उत्तम. खेळण्यांची चाकं करायची तर मी तेच घेईन. खोल भोकात तो मधे उभा गाभा सोडतो आणि टोकातून असलेला तो गाभा मोडून काढणं जिकिरीचं.

बिजागरीचं ३५ चं बिट बेळगावात कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिथे जातो. ते प्लाय आणि दाबलेल्या भुशाच्या पाट्यांसाठी, बोटभर खोलीच्या वाटीसाठी बनलेलं आहे. त्याची दांडीही आखूड. टोकातल्या खोल भोकाशी त्याचा संबंध नाही.

राहिलं लोखंडाचं पन्हळीचं ड्रिल, ट्विस्ट ड्रिल. सुताराच्या मनात ते येत नाही, कारण ते लोखंडाच्या दुकानात असतं. २७ चं हायस्पीड स्टीलचं ड्रिल घेतलं तर त्याची पन्हळ साधारण १७० मि.मी. लांब असते. ढलप्या आपोआप बाहेर येतात, अंग लांब असल्याने भोक सरळ राहतं आणि हायस्पीड पोलाद सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा सोडत नाही, त्यामुळे थोडं तापलं तरी धार जात नाही. टोकातून जाणाऱ्या खोल भोकाला मी हेच निवडलं.

अडचण दांडीची. २३ ते ३१ मि.मी.च्या आसपासच्या ड्रिलांना तीन नंबरचा मोर्स टेपर असतो. मामांच्या टेलस्टॉकला दोन नंबर. साधी स्लीव्ह लहान दांडी मोठ्या तोंडात बसवायला चालते, उलट चालत नाही. बाहेरून दोन आणि आतून तीन असं एक्स्टेंशन सॉकेट मिळतं, पण त्याने लांबी वाढते आणि टेलस्टॉक दूर सारावा लागतो. इथे लेथचा बेड, म्हणजे टेलस्टॉक ज्यावर सरकतो तो पाया, पुरेसा लांब होता, म्हणून तेच वापरलं. बेड आखूड असेल तर दांडी खरादून दोन नंबरची करून घ्यावी. ड्रिल एका वर्कशॉपच्या जुन्या सामानातलं, धार लावून दिलेलं.

या ड्रिलाचा एक धोका सांगायलाच हवा. त्याची पीळदार धार लाकडात स्वतःच पुढे शिरू बघते, आणि दोन्हीकडची भोकं जिथे भेटतात तिथे तर एकदम झेपावते. पितळेला भोक पाडताना आम्ही धारेचं तोंड अगदी किंचित सपाट करतो, म्हणजे ती चावत नाही. इथेही तेच केलं. लाकूड थोडं सावकाश कापलं गेलं, पण हात ताब्यात राहिला.

कोणतं भोक आधी

क्रम चुकला तर योग्य बिटंही हात टेकतात. मोठी खोबण आधी, आरपार भोक नंतर. ४१ च्या बिटाचं मधलं टोक लाकडात रुतून त्याला जागेवर धरतं. २७ चं भोक आधी पाडलं तर त्या टोकाला रुतायला लाकूडच राहत नाही, आणि बिट तोंडावरच नाचायला लागतं. भाच्याकडे आरपार भोक पडलेले दोन चांगले ठोकळे शिल्लक होते. ते टाकून देऊ दिले नाहीत. त्या भोकाच्या मापाची लाकडी गुडदी कातून तोंडात दाबून बसवली, तिच्यावर मध्य खुणावला, ४१ ची खोबण पाडली. उरलेली गुडदी नंतर ड्रिलानेच खाऊन टाकली.

ठोकळा आधी दोन टोकांत धरून गोल केला, दोन्ही टोकांना हेडस्टॉकवरच्या लाकूड पकडणाऱ्या चकला धरायला खांदा काढला. वरचा खांदा चकमध्ये धरून तळाकडून ४१ ची खोबण, मग मधल्या खळग्यात सेंटर ड्रिलची (मध्य खुणावणाऱ्या आखूड ड्रिलची) खूण, मग २७ ने अर्ध्याहून थोडं पुढे. ठोकळा उलटा करून वरून उरलेलं. लांब ठोकळा चकबाहेर हेलकावतो म्हणून मामांनी फळीचाच एक आधार करून बेडवर बसवला.

हात कसा चालवायचा हेही तितकंच महत्त्वाचं. भाचा जपून, हळूहळू दाबत होता. त्याने धार लाकडावर नुसती फिरत राहते आणि तापते. कमी वेग आणि ठाम दाब हवा. बाहेर ढलपी आली पाहिजे. पीठ यायला लागलं की थांबून धार बघायची. बिट मागे घेताना डावा हात ड्रिल चकवर हवा, नाहीतर टेपर सुटतो आणि अख्खा चक लाकडाबरोबर गरगरतो. शक्य असेल तर मागून ओढणीचा बोल्ट लावून चक कायमचा आवळावा. मामांच्या टेलस्टॉकची नळी आरपार पोकळ होती, म्हणून तो लावता आला. लांब बाह्या नकोत, आणि शिसवाची धूळ अनेकांना खाज आणि शिंका आणते, तेव्हा तोंडाला फडकं बांधायचंच.

काय झालं

३०० फेऱ्यांवर दात्यांच्या बिटाने खोबण करपली नाही. सागवानात खरी नितळ आली. शिसवात काठाला थोडे तुसे निघाले, ते पटाशीने साफ केले. आरपार भोक २७ च्या मापाला चिकटून आलं आणि मधला जोड बोट घालून चाचपला तरी लागेना. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. म्हणून दात्यांच्या बिटाला मध्येमध्ये बारीक कानस लावावी लागली. दाते आतल्या बाजूनेच घासायचे. बाहेरून घासले तर बिटाचं माप कमी होतं आणि कड भिंतीला रगडायला लागते.

होमस्टेवाल्यांना पुढे आंब्याच्या लाकडाच्याही काही चक्क्या हव्या होत्या. त्या लगेच घेऊ नका असं मी सांगितलं. आंबा नुकता कापलेला होता आणि पश्चिम खानापुरातला पाऊस म्हणजे लाकूड वाळायचं नावच काढायला नको. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने लाकूड जितकं आटतं, ते गाभ्यापासून बाहेरच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून ओल्या लाकडातलं गोल भोक वाळल्यावर लांबट होतं, आणि ४१ च्या खोबणीत यंत्र फिरेनासं होतं. या ठोकळ्यांना आता २० चं आरपार भोक पाडून, टोकांना मेण लावून सावलीत ठेवलं आहे. आतूनही हवा लागते, वाळायला मदत होते. शेवटची मापं वाळल्यावर काढायची.

भाच्याचा एक प्रश्न राहिला होता: पेनस्टँडसाठी ६५ चं भोक लागतं, त्यासाठी कुठलं बिट घेऊ? या लेथवर कुठलंच नको. ५० च्या पुढे एक अश्वशक्तीची मोटर दमते आणि बिटाची किंमत झपाट्याने वाढते. २७ ने हव्या त्या खोलीपर्यंत जायचं आणि पुढे वाकड्या तोंडाच्या हत्याराने आतून बाहेर रुंद करत न्यायचं. मामा लाकडी पेले आजवर असेच पोखरत आले आहेत आणि त्यांच्या हातची भिंत बिटाच्या भिंतीपेक्षा नितळ असते. भाच्याला ते हत्यार कधी धरायला मिळालं नव्हतं, कारण हल्ली पेल्यांना गिऱ्हाईक नाही. ‘‘उद्यापासनं धर की मग,’’ मामा म्हणाले आणि कार्बाइडच्या संचाचे पैसे पुढच्या सागवानासाठी बाजूला ठेवायला सांगितले.